अपुऱ्या दिवसांचं बाळ, त्याचा मेंदू आणि त्याची आठवण: सोलापुरातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुळे सोलापुरात विशेष शिक्षिका आहे. माझा मुलगा २९ आठवड्यांचा जन्मला, वजन ११२० ग्रॅम. आता तो नववीत आहे. त्यामुळे प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात, शिकवणीच्या आणि शेजारपाजारच्या. क्रमही ठरलेला असतो. आधी काचेच्या पेटीतल्या (इनक्युबेटरमधल्या) दिवसांचे, मग चालण्या-बोलण्याचे, मग काही वर्षं शांतता, आणि तिसरी-चौथीत एकदम “पाठ केलेलं राहत नाही हो” असा फोन. मी डॉक्टर नाही. औषध आणि तपासण्यांबद्दल शेवटचा शब्द तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा.

१. आमचं बाळ ३६ आठवड्यांना झालं. तेही अपुऱ्या दिवसांचं धरायचं का?

हो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं प्रत्येक बाळ मुदतपूर्व. २८ आठवड्यांच्या आतलं अतिशय लवकरचं, २८ ते ३२ मधलं खूप लवकरचं आणि ३२ ते ३७ मधलं त्यामानानं उशिराचं. जितकं लवकर, तितका धोका जास्त. २०२० साली जगात अशी अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाख भारतात. यातली बहुतेक तिसऱ्या गटातली असतात. पेटी लागत नाही, चार दिवसांत घरी येतात आणि घरच्यांच्या ते लक्षातही राहत नाही. या मुलांचा धोका कमी असतो, शून्य नसतो. शाळेत अडलं तर ‘३६ आठवडे’ हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

२. सासूबाई म्हणतात सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही. खरं आहे का?

नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. शिवाय महिन्यांत मोजूच नका. ‘सातवा लागला’ आणि ‘सातवा सरला’ यात चार आठवड्यांचं अंतर आहे, आणि या काळात चार आठवडे म्हणजे फार मोठी गोष्ट.

३. लवकर जन्मल्यानं मेंदूत नेमकं काय राहून जातं?

चोविसाव्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. अक्रोडासारख्या घड्या पडतात त्या शेवटच्या तीन महिन्यांत. ३४ आठवड्यांच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्के असतं. म्हणजे उरलेला तिसरा हिस्सा अवघ्या सहा आठवड्यांत वाढायचा असतो, आणि या मुलांमध्ये तो पोटाऐवजी पेटीत वाढतो.

सगळ्यात नाजूक असतो पांढरा भाग, म्हणजे मेंदूच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात निरोप नेणाऱ्या तारा. या तारांवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी साधारण २३ ते ३२ आठवड्यांत कोवळ्या असतात. प्राणवायू कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला की त्यांची वाढ अडते. बऱ्याचदा त्या मरत नाहीत, पण वेळेवर पिकतही नाहीत. निरोप पोचतो, पण सावकाश. त्यात टाचेला सुया, सतत दिवे, मॉनिटरचे आवाज. पोटातल्या अंधारात हे काहीच नसतं.

सोलापुरात हे समजावणं सोपं जातं. बीम (मागावर चढवतात तो ताण्याच्या धाग्यांचा रूळ) पूर्ण भरायच्या आत माग चालू करावा लागला, असं मी सांगते. चादर निघते, ऊबही देते. फक्त कुठे धागा विरळ पडला ते पुढे वापरताना कळतं.

आठवणींशी संबंधित हिपोकॅम्पस हा भाग कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना असतो. प्राणवायूच्या कमतरतेला तो विशेष संवेदनशील. खूप लवकर जन्मलेल्या मुलांच्या एमआरआय अभ्यासांत त्याचं आकारमान सरासरीनं लहान दिसतं. त्याचा परिणाम कसा दिसतो ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये.

४. टाळूच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड १ ब्लीड’ आलंय. मुलगा मतिमंद होईल का?

आधी श्वास घ्या. मेंदूतल्या पोकळ्यांशेजारी नाजूक रक्तवाहिन्यांचा एक पट्टा असतो, तो साधारण ३४ आठवड्यांपर्यंत विरून जातो. त्याआधी जन्मलेल्या बाळात तो फुटू शकतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या ७२ तासांतच. हा रक्तस्राव म्हणजेच ब्लीड, ग्रेड १ सगळ्यात हलका आणि ४ सगळ्यात गंभीर. ग्रेड १ आणि २ च्या बहुतेक मुलांना मोठं अपंगत्व येत नाही. ३ आणि ४ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी राहण्याचा) आणि डोक्यात पाणी साठण्याचा धोका बराच वाढतो. तिथे डोक्याचा घेर नियमित मोजणं आणि फिजिओथेरपी लवकर सुरू करणं महत्त्वाचं.

उलटंही ध्यानात ठेवा. सोनोग्राफी कोरी आली म्हणजे पुढची हमी मिळाली असं नाही. तारांमधला बारीक फरक या तपासणीत दिसत नाही. माझ्या मुलाची कोरी होती.

५. वय कोणतं धरायचं, जन्मापासूनचं की तारखेपासूनचं?

वाढीचे टप्पे पाहताना तारखेपासूनचं, म्हणजे प्रसूतीची जी तारीख दिली होती तिच्यापासूनचं. समजा बाळ गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर, ९ जानेवारीला झालं आणि तारीख होती २० मार्च. म्हणजे ७० दिवस, दहा आठवडे लवकर. ९ जुलैला ते कागदावर सहा महिन्यांचं, पण त्याचं सुधारित वय साडेतीन महिन्यांच्या थोडं पुढे. मग “सहा महिने झाले तरी पालथं पडत नाही” ही तक्रारच चुकीची ठरते. हे गणित साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. यात घोटाळा करून लस लांबवणारे बरेच भेटतात.

६. दोन वर्षांची झाली, चालते, बोलते, डॉक्टर म्हणाले छान आहे. आता फॉलोअप बंद केला तर चालेल का?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

दोन वर्षांच्या मुलाकडून आपण काय मागतो? चाल, बोल, खा, ठोकळ्यावर ठोकळा ठेव. मेंदूतले जे धागे विरळ राहिले असतील त्यांच्यावर अजून ताणच आलेला नसतो. ताण येतो दुसरी-तिसरीत. फळ्यावरचं वाचून वहीत उतरवायचं, बाईंचं पुढचं वाक्य ऐकायचं, हातचा लक्षात ठेवायचा, आणि हे सगळं घंटा व्हायच्या आत. नेमकं तेव्हाच आपलं दवाखान्यात जाणं थांबलेलं असतं. शाळेला जन्माची गोष्ट माहीत नसते आणि डॉक्टरांना शाळेची.

म्हणून माझा आग्रह असा. ३२ आठवड्यांच्या आतलं किंवा दीड किलोच्या आतलं मूल असेल, तर शाळेत घालण्याआधी एकदा आणि सात-आठ वर्षांचं झाल्यावर एकदा विकास-मूल्यमापन करून घ्या. तक्रार नसली तरी. डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून ठेवा. आमचं मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं, आठ वर्षांनी काढलं तेव्हा निम्मी शाई उडालेली.

७. रात्री सातचा पाढा घडाघडा म्हणतो, सकाळी कोरा. स्मरणशक्ती कमी असते का या मुलांची?

‘स्मरणशक्ती’ असा एकच डबा नसतो. मुलगा तिसरीत असताना त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं: दही, कोथिंबीर, पेन्सिल. दही घेऊन आला, सुट्टे पैसे बरोबर मोजून आणले, आणि चपला न काढता दारातच उभा राहिला. “आई, अजून काहीतरी होतं.” काहीतरी होतं हे त्याला पक्कं आठवत होतं, काय ते नाही. त्याच संध्याकाळी त्यानं दोन वर्षांपूर्वीच्या अक्कलकोटच्या जत्रेत कुणी काय खाल्लं ते मला सांगितलं.

अडचण असते ती बहुतेक वेळा मनाच्या ओट्यावर, कोठीत नाही. एका वेळी चार गोष्टी समोर धरून त्यांच्यावर काम करण्याच्या जागेला कार्यस्मृती म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा हा ओटा अनेकदा अरुंद असतो. नवी गोष्ट ठेवली की जुनी खाली पडते. वेगही कमी असतो, त्यामुळे वर्ग पुढे गेल्यावर याच्या हातात अर्धंच राहतं. जे नीट आत गेलंच नाही ते सकाळी कुठून येणार? वर्गशिक्षकांनी माझ्या मुलाच्या वहीत ‘आळशी आहे’ असा शेरा लिहिला होता. मीही एकदा त्याला हेच म्हणाले, आणि मी स्वतः याच कामातली.

उपयोग काय होतो ते सांगते. एका वेळी एकच सूचना. सांगितलेलं त्यालाच मोठ्यानं म्हणायला लावायचं. दाराच्या आत, चपलांच्या वर यादी चिकटवायची, चित्रांची असली तरी चालेल. पाढा सलग दहा वेळा घोकण्यापेक्षा आज तीन ओळी, पुस्तक मिटून आठवायच्या, उद्या त्याच तीन, मग पुढच्या. वाचून वाचून पाठ करण्यापेक्षा न बघता आठवण्याचा प्रयत्न जास्त टिकतो, हे सगळ्याच मुलांच्या बाबतीत खरं. आणि झोप. रात्री अकरापर्यंत मोबाईल आणि सकाळी सहाची रिक्षा, या वेळापत्रकात कोणाचाच पाढा टिकणार नाही.

‘मेमरी वाढवणारी’ ॲप आणि क्लास यांवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात फार लवकर जन्मलेल्या सात वर्षांच्या मुलांना संगणकावर कार्यस्मृतीचा सराव देऊन पाहिला गेला. दोन वर्षांनी त्यांच्या अभ्यासात फरक दिसला नाही. मुलं त्या खेळात तरबेज होतात, गणितात नाही.

८. पण आमच्या मुलीला काल काय केलं तेच आठवत नाही. हेही तेच का?

कदाचित नाही. लंडनमध्ये फरानेह वर्गा-खादेम आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली तीन जणांचं वर्णन प्रसिद्ध केलं. लहानपणीच हिपोकॅम्पसला इजा झालेली. ते शाळेत शिकले, शब्द आणि माहिती साठवली, पण दिवसभरात काय घडलं ते त्यांना सांगता येत नसे. त्यातला एक २६ आठवड्यांचा जन्मलेला. त्याच गटानं २००० साली ३० आठवड्यांपर्यंत जन्मलेल्या किशोरवयीन मुलांमध्ये याचंच सौम्य रूप नोंदवलं. बाकी तपासण्या बऱ्या, पण रस्ता, ठरलेली वेळ, वस्तू कुठे ठेवली, यात चुका.

हे पूर्ण रूपात दुर्मिळ आहे. पण मुलगी पाठ्यपुस्तक बरं सांगते आणि कालचा वाढदिवस मात्र पुसला जातो, असा उलटा नमुना दिसत असेल तर मेंदूरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांना नेमक्या याच शब्दांत सांगा. ‘विसरते’ एवढंच सांगितलंत तर टॉनिक मिळेल.

९. मराठी, परिसर सगळं येतं, गणितातच का अडतो?

कारण गणिताला प्रश्न ७ मधला ओटा सर्वात मोठा लागतो. हातचा धरायचा, पायऱ्या लक्षात ठेवायच्या, आकड्यांची जागा डोळ्यांसमोर आणायची. मुदतपूर्व मुलांमध्ये गणित इतर विषयांपेक्षा जास्त मागे पडतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आलंय. चौकटीची वही, हातचा लिहायला वर वेगळी जागा, शेंगदाणे किंवा खडे घेऊन मोजणं. चौथीच्या मुलानं बोटं वापरली तर वापरू द्या.

१०. बुद्ध्यांक किती कमी असतो?

३२ आठवड्यांच्या आतल्या मुलांची सरासरी पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा ११-१२ गुणांनी कमी येते. पण ही सरासरी आहे. त्यात १२० वालाही असतो आणि ६० वालाही. घरातलं बोलणं, आईचं शिक्षण, शाळा यांचाही त्या आकड्यावर मोठा परिणाम होतो. न्यूटन अपुऱ्या दिवसांचा होता हा फॉरवर्ड मला दर महिन्याला येतो. खरा आहे, पण त्यावरून तुमच्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. सरासरीवरूनही कळत नाही. त्याचीच तपासणी करून घ्या.

११. अजिबात मस्ती करत नाही, शांत बसतो, तरी एडीएचडी म्हणतात. कसं काय?

एडीएचडी (लक्ष टिकवण्याची आणि चंचलतेची अडचण) म्हणजे पंख्याला लटकणारा मुलगा अशी आपली समजूत. मुदतपूर्व मुलांमध्ये एडीएचडीचं प्रमाण जास्त असतं, पण बऱ्याचदा ते चंचलतेचं नसून फक्त लक्ष निसटण्याचं असतं. जोडीला भित्रेपणा आणि मित्र जोडताना अडखळणंही दिसतं. कुणालाच त्रास देत नसल्यामुळे अशी मुलं मागच्या बाकावर वर्षानुवर्षं राहतात. ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) प्रमाणही थोडं जास्त असतं. दोन्हींचं निदान तज्ज्ञांकडून.

१२. डोळे आणि कानांचा याच्याशी काय संबंध?

सरळ संबंध. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा, फार लहान असेल तर त्याहून आधी. दोष निघाला तर उपचाराला हातात दोन-तीनच दिवस असतात. सोन्नलगीची (सोलापूरची) उन्हं आहेत, महिनाभर बाळाला बाहेर काढायचं नाही, असं म्हणून घरी थांबू नका. ऐकण्याचीही तपासणी करा. ज्याला नीट ऐकूच येत नाही तोही ‘विसरतो’.

१३. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. एवढ्या भाषांनी मेंदूवर ताण येईल ना? एकच ठेवू का?

शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातून हा प्रश्न हमखास येतो. भाषा कमी करू नका. दोन-तीन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. ज्या आईला मराठी तुटक येतं तिनं मुलाशी मराठीतच बोलायचं ठरवलं, तर बोलणंच कमी होतं, आणि ते नुकसान खरं. विडी वळता वळता आजी तेलुगूत गोष्ट सांगते ती या मुलाच्या मेंदूला मी देते त्या वर्कशीटपेक्षा जास्त देते. उशीर वाटला तर सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजा.

१४. डिसेंबरात झाला, तारीख फेब्रुवारीची होती. पहिलीत कधी घालावा?

महाराष्ट्रात प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात. ५ डिसेंबरला जन्मलेलं, १३ फेब्रुवारीची तारीख असलेलं मूल दहा आठवड्यांमुळे एक अख्खं वर्ष पुढच्या वर्गात ढकललं जातं. वर्गात ते सगळ्यात लहान, आणि खऱ्या अर्थानं त्याहूनही लहान. सहा वर्षं ही किमान अट आहे, त्या दिवशी घातलंच पाहिजे असं नाही. अशा मुलाला एक वर्ष थांबवण्याच्या बाजूनं माझं मत आहे, पण ते वर्ष बालवाडीत किंवा अंगणवाडीत गेलं पाहिजे, टीव्हीसमोर नाही. सगळ्याच मुलांना थांबवायची गरज नसते. मूल्यमापन (प्रश्न ६) करून ठरवा.

१५. बदाम, ब्राह्मी, सुवर्णप्राशन, मेमरी सिरप यातलं काय द्यावं?

बदाम आवडत असतील तर द्या, शेंगाही चालतील. आठवण वाढवणारं खात्रीचं औषध नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कशातूनही देऊ नका, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाच्या बाधेचा) धोका असतो. खरं शोधण्यासारखं आहे ते लोह. या बाळांना पोटात लोहाचा साठा मिळायचा राहिलेला असतो, आणि रक्त कमी असलेलं मूल शिकण्यातही मागे पडतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील तर शी काळी होते म्हणून बंद करू नका.

१६. बाळ अजून पेटीत आहे. आत्ता काय करता येईल?

बरंच. आईचं दूध. आणि कांगारू पद्धत: बाळ आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर, रोज कित्येक तास. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. तिथेच पुढे झालेल्या एका चाचणीतल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा कांगारू मिळालेली मुलं शाळेतल्या हजेरीत आणि वागण्यात सरस आढळली. २०२१ च्या पाच देशांतल्या चाचणीत, ज्यात भारतही होता, जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केल्यानं नवजात बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. बाबांनी लाजू नये. माझ्या सासऱ्यांनी बनियन काढून नातवाला छातीवर घेतलं होतं, सिस्टर हसत होत्या, मॉनिटरवरचा आकडा स्थिर होता.

१७. माझ्याच चुकीमुळे झालं का? पुढच्या वेळी टाळता येईल?

नाही, तुमची चूक नाही. जुळी, रक्तदाब, जंतुसंसर्ग, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं ही काही कारणं, आणि अनेकदा कारण सापडतच नाही. एकदा झालं असेल तर पुढच्या वेळी धोका वाढतो, म्हणून पहिल्याच भेटीत सांगा. प्रसूती लवकर होणारच असेल तर आधी दिलेलं स्टिरॉईड इंजेक्शन फुप्फुसांना सावरतं, आणि ३२ आठवड्यांच्या आत मॅग्नेशियम सल्फेट सेरेब्रल पाल्सीचा धोका कमी करतं. घरी कळा सोसत बसू नका.

१८. दिवस पूर्ण भरले, पण वजन १८०० ग्रॅम. आम्हाला हे सगळं लागू आहे का?

तंतोतंत नाही. तुमचं बाळ मुदतपूर्व नाही, पोटात वाढ कमी झालेलं आहे. कारणं वेगळी, सुधारित वय (प्रश्न ५) लावायचं नाही. शाळेतल्या अडचणी मात्र मिळत्याजुळत्या असू शकतात, म्हणून प्रश्न ६ तुमच्यासाठीही. लवकरही आणि त्या आठवड्यांच्या मानानंही लहान, अशा बाळाला दोन्हींचा भार असतो.

१९. सोलापुरात तपासणी कुठे? दहावीला सवलत मिळते का?

सुरुवात सिव्हिलच्या बालरोग ओपीडीपासून करता येते. गावाकडे असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतं आणि पुढे पाठवतं. आशाताईंना तारीख विचारा.

सवलतीबद्दल: ‘अपुऱ्या दिवसांचा जन्म’ हे कायद्यानं अपंगत्व नाही. निदान लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता येतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांआधी देत नाहीत. जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी अर्ज शाळेमार्फत जातो. नववीतच हालचाल करा. जानेवारीत जागे होणारे पालक माझ्याकडे रडत येतात.

२०. आधी छान बोलायचा, वाचायचा. आता सहा महिन्यांत येत होतं तेही जातंय. हा लवकर जन्मल्याचाच परिणाम का?

नाही. लवकर जन्मलेलं मूल उशिरा शिकेल, हळू शिकेल, अडखळत शिकेल, पण पक्कं शिकलेलं एकेक गमावत जाणं हा त्याचा परिणाम नसतो. एकटक बघत राहणं, हातातून वस्तू पडणं, सकाळी उलटी आणि डोकेदुखी, चालीत बदल, झोपेत झटके, यातलं काही सोबत असेल तर पुढच्या सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका, आजच दाखवा. ‘तो पेटीतला आहे ना, म्हणून’ हे वाक्य घरात चौदा वर्षं ऐकलं जातं. या एका बाबतीत ते डॉक्टरांसमोर म्हणू नका, काय दिसतंय तेवढंच सांगा, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढलेला असेल तर दाखवा.